फडताळ, संदूक आणि आपले कागद

लोणारचे नाव काढले की लोक सरोवराची चौकशी करतात. काळ्या बसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर, त्यातले खारे पाणी, २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झालेला त्याचा रंग, गावातले दैत्यसूदनाचे मंदिर, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला मात्र सरोवराच्या काठावरून गावात यावेसे वाटते. एखाद्या जुन्या घराचा उंबरठा ओलांडून भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटासमोर थांबावेसे वाटते. सरोवराचा इतिहास लिहायला भूगर्भशास्त्रज्ञ आहेत, मंदिरांचा लिहायला पुरातत्त्व खाते आहे. आपल्या घरांचा इतिहास कोण लिहिणार?

हा विषय सुचण्याचे कारण घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घराची दुरुस्ती निघाली. ओसरीत दादींचे सागवानी फडताळ होते. वर दोन दारे, मध्ये दोन खण, खाली एक खोल कप्पा. जागा अडते म्हणून ते काढायचे ठरले. जुने सामान घेत फिरणारा एक जण आला. त्याने नव्या लोखंडी कपाटाच्या अर्ध्या किमतीइतके पैसे देऊ केले आणि आम्ही खूश झालो. अम्मी तेवढे म्हणाल्या, "बेटा, नीचेवाले खाने में अब्बा के कागज हैं, देख लेना." आम्ही 'हो' म्हटले आणि विसरलो. पुढे काय झाले ते ओघाने सांगूच.

मुळात आपल्या घरांत कपाट ही वस्तू फार जुनी नाही. वऱ्हाडातल्या धाब्याच्या घराची जाड भिंत हेच कपाट होते. भिंतीत कोनाडे, वर खुंट्या, धान्याला पेव आणि कणगी. मुसलमानांच्या घरात उंचावरचा एक ताक राखून ठेवलेला असे. जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ त्यात असे आणि मुलांचा हात तिथवर पोचत नसे. हलवण्याजोगे सामान म्हणजे संदूक. मुलगी सासरी जाताना संदूक तिच्याबरोबर जाई आणि तिच्या नावाने ओळखली जाई. कपडे, दागिने, निकाहनामा, मेहेरची नोंद, सारे त्यातच. घर बदलले तरी कुलपाची चावी तिच्या पदराला राही.

शब्दही पाहण्याजोगे आहेत. संदूक आणि कुलूप अरबीतून आले, दफ्तर फारसीतून. अलमारी आणि चावी हे दोन शब्द पोर्तुगीजांनी दिले. कपाट संस्कृत, त्याचा मूळ अर्थ दार. खुर्चीचे मूळ पुन्हा अरबी. घरातली चार लाकडी सामाने मोजली तरी चार भाषांची हजेरी लागते. आपण मराठी मुसलमान कोण, या प्रश्नावर व्यासपीठावरून वाद घालण्याआधी घरातले सामान मोजावे, असे आम्हाला कधी कधी वाटते.

लोणार तसे कधीच एकाकी नव्हते. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आले. त्याच दशकात लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलने मेहकर सरकारातल्या लोणारची दखल घेतली आहे. येथे काच आणि साबण यांसाठी लागणारा माल मिळतो, असे तो सांगतो. म्हणजे सरोवराचा खार बाहेरच्या कारखान्यांत जात होता. शेजारच्या मेहकरात मोमीन विणकर इतके सधन होते की गावाचा कोट बांधण्यास त्यांनी पैसा दिला, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. गंमत अशी की ज्या गावाने काचेला खार पुरवला, त्या गावात काचेच्या दाराचे कपाट यायला पुढे तीनेक शतके लागली.

ते आले इंग्रजी अमलात. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६० च्या दशकात रेल्वे वऱ्हाडातून पुढे गेली. त्याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इथल्या कापसाला कधी नव्हे असा भाव मिळाला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला. कापूस मुंबईला गेला आणि मुंबईच्या वस्तू उलट दिशेने आल्या. इंग्रज अधिकारी बदली झाली की सामानाचा लिलाव करून जात. त्या लिलावांतून टेबल, आरसे, काचेची कपाटे देशी घरांत शिरली. नमुना हाती आला की गावचा सुतार त्याबरहुकूम दुसरे घडवी. लाकडाची वाण नव्हती. मेळघाटचे आणि चांदा-बल्लारशाकडचे सागवान नामांकित होते आणि आजही आहे. २०२३ साली खुल्या झालेल्या नव्या संसद भवनात वापरलेले सागवान नागपूरहून गेले आहे.

आज शहरांत ज्याला 'साईडबोर्ड' म्हणतात ते बुटके, लांबट कपाट याच वाटेने आले. ते विलायतेत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेवणाच्या खोलीसाठी तयार झाले. टेबलावर जेवणाऱ्यांना ताटल्या, सुऱ्या-काटे, मद्याच्या बाटल्या ठेवायला बाजूला एक फळी हवी होती. आपण जेवायचो दस्तरखानावर. दस्तरखान उचलून घडी घातला की जेवणाची खोली संपली! मग साईडबोर्डचे आपण काय केले? त्याला आपल्या कामाला लावले. मद्याच्या जागी शरबताचे प्याले आले, चिनीमातीच्या ताटल्यांत ईदचा शीरखुर्मा आला. वरच्या फळीवर घड्याळ आणि अत्तरदाणी, खणात चष्मा, रेशनकार्ड, सुईदोरा, आणि तळाच्या कप्प्यात कागद. वस्तू विलायती, वहिवाट मात्र आपली.

मुंबईत या व्यवसायाचा फार मोठा पसारा होता. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कारागिरांचे शिसवी, नक्षीदार सामान परदेशी जात असे. त्या सामानाची दुसरी पिढी आजही चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर भेटते. तिथले अनेक व्यापारी आणि पॉलिशवाले आपल्याच समाजातले आहेत. ज्यांच्या हातांनी हे सामान दुरुस्त होते, त्यांच्या स्वतःच्या घरांतून ते केव्हाच निघून गेले आहे. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाट बनवायला सुरुवात केली. वाळवी नाही, चोरीची भीती कमी, लग्नात द्यायला शोभिवंत. पुढे संदुकीची जागा या कपाटाने घेतली. नंतर प्लायवूडचे शोकेस आले आणि फडताळ ओसरीतून गोठ्यात गेले.

आता वारे फिरले आहे. ज्यांनी जुने विकले तेच दहापट किंमत मोजून जुने शोधतात. शोधणाऱ्यांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, दर्शनी भाग पाहू नका. खण बाहेर ओढा, उलटा करा. हाताने केलेल्या कामात कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत गुंतलेले दात असतात आणि ते किंचित कमीजास्त असतात. सगळे दात तंतोतंत सारखे असले तर काम यंत्राचे समजावे. मागच्या फळ्यांवर करवतीचे ओरखडे पाहा. हातकरवतीचे ओरखडे सरळ जातात, गोल करवतीचे कमानीसारखे वळतात. मागे प्लायवूड असेल तर कपाट शंभर वर्षांचे असल्याच्या गोष्टी ऐकून घ्याव्यात, पैसे मात्र त्या हिशोबाने देऊ नयेत. मागची फळी नंतर बदललेली असू शकते, तसे असेल तर विकणाऱ्याने ते सांगितले पाहिजे.

दुसरी, झीज कुठे आहे ते पाहा. खरी झीज हात लागतो तिथे असते. मुठीभोवती, खणाच्या खालच्या कडेला, उघडझाप होणाऱ्या दाराच्या टोकाला. सगळीकडे सारखेच झिजलेले कपाट संशयास्पद. नवे लाकूड ठोकून, रंगवून 'जुने' करण्याची कला आपल्याकडे चांगली अवगत आहे.

तिसरी, कीड. कपाटाखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला, बारीक भोके ताजी आणि आतून फिकट दिसली, तर कीड जिवंत आहे. पायांना टोचून पाहा. वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतले लाकूड खाते.

चौथी गोष्ट वऱ्हाडच्या हवेची. मुंबईच्या दमट हवेत वाढलेले कपाट बुलढाणा जिल्ह्यातल्या वैशाखात आणले की लाकूड आकसते, फळी तडकते, दार वाकते. आणायचेच तर पावसाळ्याच्या शेवटी आणा, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. जुने पॉलिश बहुधा चपड्याच्या लाखेचे असते. ते खरवडून वर चकचकीत रासायनिक थर दिला की कपाटाचे वय पुसले जाते. मऊ फडके आणि थोडे मेण पुष्कळदा पुरते. आणि विकत घेण्याआधी आपल्या घराचा जिना आणि दार मोजायला विसरू नका!

पण आमचा खरा मुद्दा विकत घेण्याचा नाही, विकण्याचा आहे. आमचे फडताळ गेले त्या दिवशी त्या माणसाने तळाचा कप्पा ओट्यावर रिकामा केला. लाल फडक्यात बांधलेला एक बस्ता होता. पावसाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी बस्ता कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे आमच्या भाचीला प्रवेशासाठी जातीचा दाखला लागला. इतर मागासवर्गातल्या मुस्लिम जमातींना आपल्या राज्यात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा आठवले की तिच्या पणजोबांच्या शाळेचा दाखला त्याच बस्त्यात होता. शाळेच्या जुन्या नोंदवहीतून नोंद मिळवेपर्यंत वर्ष सरले. त्या वर्षी मुलीने खुल्या प्रवर्गातून, पूर्ण फी भरून प्रवेश घेतला. फडताळाचे आलेले पैसे त्या फीच्या चौथाईलाही पुरले नाहीत. दोष त्या माणसाचा नव्हता. त्याने लाकूड घेतले होते, कागद आम्ही टाकले होते.

ही एकट्या आमची गोष्ट नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू कागद वाचणारी माणसे शोधावी लागली. २०२५ मध्ये वक्फ मिळकती 'उमीद' पोर्टलवर नोंदवण्याची वेळ आली तेव्हा मशिदी आणि कब्रस्तानांच्या सनदा कुठे आहेत, हा प्रश्न मुतवल्लींपुढे उभा राहिला. राजवाड्यांनी वाईत मिळालेल्या दप्तरातून १८९८ मध्ये पानिपतचा इतिहास छापला. ते दप्तरही कुणाच्या तरी घरातच पडून होते. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली म्हणून ती आपल्याला वाचता आली. आपल्या ओसरीतले कागद मात्र अजून कोणी वाचलेले नाहीत.

म्हणून विनंती एवढीच. जुने कपाट विका, ठेवा, दुरुस्त करा, तो तुमचा प्रश्न. पण आधी प्रत्येक कप्पा स्वतःच्या हाताने रिकामा करा. खणामागची फट, तळाची सुटी फळी तपासा. कागद न वाचता फेकू नका. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणच्या हातकागदाला शतके काही होत नाही, नंतरचा गिरणीचा कागद मात्र पिवळा पडून तुटतो. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटो काढा, सुती कापडात गुंडाळा. लिपी कळत नसेल तर पुराभिलेख खात्याच्या नागपूर किंवा औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) कार्यालयात विचारा. हेही ध्यानात असू द्या की १९७२ च्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांपूर्वीची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे हस्तलिखित 'पुरावस्तू' ठरते आणि ते परवान्याशिवाय परदेशी नेता येत नाही.

आमच्या घरात आता लोखंडी कपाट आहे. अम्मींची संदूक मात्र आम्ही दिली नाही. तिच्यात कडुनिंबाचा पाला घातला आहे आणि त्याखाली भाचीचा तो दाखला ठेवला आहे, नव्या लाल फडक्यात.