वऱ्हाडातील खेळाडूचा पेशा

इ. स. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेला आणि पुढे १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडण्यात आला, ही राजकीय हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी आणि बडोद्यात सयाजीरावांनी मल्लविद्येला जो राजाश्रय दिला, तो देणारा दरबारच अमरावती-अकोल्यास नव्हता, हा तिचा परिणाम सहसा कोणी ध्यानी घेत नाही. कोल्हापूरच्या पैलवानाला दरबारातून खुराक मिळे आणि १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबागेच्या मैदानात नाव कमावता येई. वऱ्हाडातल्या गड्याला जत्रेतल्या दंगलीचे इनाम किंवा एखाद्या देशमुखाची मर्जी यापलीकडे आधार नसे.

ही उणीव लोकाश्रयाने भरून काढण्याचे कार्य अमरावतीत अनंतराव व अंबादासपंत या वैद्य बंधूंनी केले. १९१४ मध्ये त्यांनी स्थापिलेला हनुमान आखाडा पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर विख्यात झाला. पुढे हुतात्मा झालेले राजगुरू काही काळ येथेच तालीम घेत होते. तथापि माझ्या मते मंडळाची सर्वांत मोठी कामगिरी निराळी आहे: कसलेल्या शरीराचे मोल इनामाच्या लहरीवर न सोडता मंडळाने व्यायामशिक्षक घडविले, आणि गड्याला शाळेतल्या कायम पगाराच्या जागेची वाट दाखविली.

त्या तालमीचे स्वरूप मल्लखांबावरून कळते. सागाचा अथवा शिसवाचा, बुडाशी जाड, वर निमुळता आणि माथ्यावर बोंड असलेला हा खांब एरंडेल तेलाने इतका गुळगुळीत केलेला असतो की, नुसत्या मनगटाच्या बळावर तो धरू पाहणारा नवशिका घसरून खाली येतो. मांड्यांनी अढी घट्ट बसली, की दोन्ही हात मोकळे सोडून उलटे लोंबकळणेही साधते. हीच विद्या, कबड्डीसारख्या देशी खेळांसह, मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगापुढे मांडली, आणि १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही तिचे प्रयोग झाले.

इतके होऊनही मंडळाच्या गड्याला पगार मिळे तो शिकविण्याबद्दल, खेळण्याबद्दल नव्हे. अमेरिकेत मात्र १९२० पासूनच व्यावसायिक फुटबॉलची संघटना उभी राहिली होती, आणि चढाईची सूत्रे हाती घेणारा क्वार्टरबॅक खेळण्याबद्दलच वेतन घेत होता. आपल्याकडे देशी खेळाला तो योग यायला २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा हनुमान आखाड्याला शंभर वर्षे झाली होती.

क्रिकेटने मात्र वऱ्हाडी तरुणाला थेट लिलावाच्या बोलीपर्यंत नेले. अकोल्याचा अथर्व तायडे आयपीएलमध्ये खेळला. अमरावतीत जन्मलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा २०१६ मध्ये मुंबईच्या संघात घेतला गेला, पण मैदानावर उतरण्याची संधी त्याला २०२२ मध्ये पंजाबकडून मिळाली. मधली सहा वर्षे धीर न सोडणे ही मला त्याच्या कोणत्याही षटकाराहून मोठी गोष्ट वाटते. २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तो भारताकडून प्रथम खेळला. २०२५ च्या हंगामासाठी बंगळूरच्या संघाने त्याला ११ कोटी रुपयांना घेतले, आणि २७ मे रोजी लखनऊत, हंगामी कर्णधारपद सांभाळून, त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून सामना जिंकून दिला.