युद्धोत्तर बर्लिनची छायाचित्रे

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून (मे १९४५) साधारण १९४९ पर्यंत बर्लिनमधील दैनंदिन जीवन टिपणारी छायाचित्रे. युद्धापूर्वी सुमारे ४३ लाख वस्तीच्या या शहरात १९४५ च्या उन्हाळ्यात जेमतेम २८ लाख लोक उरले होते आणि शहर चार विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यात विभागले होते. या चित्रांत सेनापती क्वचितच दिसतात. दिसतात त्या पाण्यासाठीच्या रांगा, काळा बाजार आणि सरपणासाठी झाडे तोडून भाजीपाल्याखाली आणलेले टिअरगार्टन उद्यान.

फ्रीडरिख झायडेनश्ट्युकर (१८८२–१९६६) या छायाचित्रकाराने पूर्वी प्राणिसंग्रहालय व रस्त्यांवरील गमती टिपल्या होत्या. तीच मिश्कील नजर त्याने भग्नावशेषांकडेही वळवली. बर्लिनचाच ज्यू हेन्री रीस (१९१७–२००४) नाझी राजवटीत अमेरिकेला गेला आणि युद्धानंतर अमेरिकी सैन्यातून परतला. राडारोड्याच्या ढिगावर उभी राहून टेम्पेलहोफ विमानतळावर उतरणारे विमान पाहणारी मुले, हे त्याचे १९४८ मधील छायाचित्र सोव्हिएत नाकेबंदीच्या काळातील हवाई पुरवठ्याचे प्रतीकच ठरले.

ही छायाचित्रे पुरावा म्हणून वापरताना मात्र सावधगिरी हवी. हातोहात बादल्या पुढे सरकवणाऱ्या, राडारोडा उपसणाऱ्या हसतमुख स्त्रियांची काही चित्रे मुद्दाम जुळवून घेतलेली होती. शहर प्रामुख्याने अशा स्त्रियांनीच साफ केले, ही समजूत अलीकडच्या संशोधनाने बरीच सैल केली आहे; बांधकाम कंपन्या आणि यंत्रे यांचा वाटा मोठा होता, पण छायाचित्रांत तो फारसा उतरला नाही.