तीन घरांत कोणता शब्द?

कोड्यात ‘पुत्र’ अशी खूण देऊन पुढे तीन घरे मोकळी ठेवली, तर पुण्याचा माणूस ‘मुलगा’ लिहील आणि धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा ‘आंडोर’ लिहील. घरे दोघांचीही नीट भरली. मग चूक कोणाची?

हा पोरखेळ नव्हे. चौकटीचे शब्दकोडे १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन याने प्रथम छापले. आपल्याकडे त्याला बक्षिसाची जोड मिळाली व लोक फी भरून कोडी सोडवू लागले. एकाच खुणेला दोन-तीन शब्द सारखेच शोभत. पण खरा तोच, जो चालकांच्या मोहोरबंद उत्तरात असे. ज्ञान राहिले बाजूला, नशिबाची परीक्षा सुरू! १९५५ च्या केंद्रीय कायद्याने बक्षिसे महिन्याला १,००० रुपयांत बांधली आणि १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असल्या स्पर्धा जुगारच ठरवल्या.

लिफाफ्याच्या जागी शब्दकोश बसवावा, हे म्हणणे वाजवी दिसते. परंतु कोशही कोणीतरी, कोठेतरी बसूनच करतो. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासूनचा. प्रांतिक शब्द त्यांत आहेत, पण घरोघरच्या बोलीतले सारे कोणत्या कोशात मावतील? ग्रियर्सनने तर १९०७ साली खानदेशीला मराठीच्या खंडात न घेता भिल्ली बोलींच्या पंगतीस बसवले. त्याची कारणे शास्त्रीय होती. तरी त्या कारणांनी आमच्या आयाबहिणींचे बोलणे परके कसे ठरावे?

आणि त्याच खानदेशात, धुळ्यात, शब्दांची मुळे खणणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला!

पुढे १९५२ साली असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा मंडळींची. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्वतः निरक्षर असलेल्या त्या बाईचे शब्द साऱ्या महाराष्ट्राने तोंडी घेतले. त्यासाठी कोशाची परवानगी कोणी मागितली नाही.

तरीही वाटेल तो शब्द चालेल, असे आम्ही म्हणणार नाही. तसे केले तर खेळच उरत नाही. खुणेपुढे कंसात ‘खानदेशी’ एवढे छापावे. मग ‘आंडोर’ आडवा बसेल, त्याच्या ‘र’ वरून दुसरा शब्द उभा उतरेल, आणि पुण्याच्या गृहस्थांना जळगावच्या पाहुण्याला विचारावे लागेल.