आठशे सत्त्याऐंशी रुपयांची शिल्लक

सरकारी बांधकामाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ‘सुधारित अंदाजपत्रक’ म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. मूळ अंदाजपत्रकावरील शाई वाळते न वाळते तोच ते दाराशी उभे राहते. म्हणूनच बोरीबंदरासमोरील मुंबई महापालिकेच्या इमारतीचा हिशेब वाचताना वाचक थबकतो. मंजूर रक्कम ११,८८,९६९ रुपये. १८९३ साली काम पुरे झाले तेव्हा प्रत्यक्ष खर्च ११,८८,०८२ रुपये. शिल्लक ८८७ रुपये, म्हणजे शंभरामागे सुमारे सव्वा आणा!

या काटकसरीमागे एक कडू आठवण होती. १८६५ च्या कायद्याने नगराची सत्ता आयुक्ताच्या हाती जवळजवळ एकवटली. त्या पदावरील आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर स्वच्छ केले, मोठी मंडई उभारली. पण खर्च इतका वाढला की १८७१ साली करदाते खवळून उठले. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहता क्रॉफर्ड यांच्या बचावास पुढे आले, हे विशेष. दोष रचनेचा आहे, करदात्यांचे निवडलेले प्रतिनिधी हवेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८७२ मध्ये निवडणुकीचे तत्त्व आले. पुढे १८८८ चा कायदा झाला. त्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांचाही हात होता. त्यात कंत्राटांना शिस्त लावली गेली : मोठ्या करारास स्थायी समितीची संमती, वर्तमानपत्रांतून निविदांची मागणी, कंत्राटदाराकडून पुरेसे तारण. मात्र सर्वांत स्वस्त निविदाच स्वीकारावी असे बंधन घातले नाही. सर्व परिस्थिती पाहून जी हितावह वाटेल ती घेण्याची मुभा आयुक्तास ठेवली. कायदा करणाऱ्यांचे व्यवहारज्ञान मला या एका कलमात सर्वाधिक दिसते.

अर्थात कायद्याने अंदाज अचूक येत नाही. लॉर्ड रिपन यांनी १८८४ च्या डिसेंबरात कोनशिला बसविली खरी, पण चिझम यांचा आराखडा घ्यावा की स्टीव्हन्स यांचा, हा प्रश्न होताच. अखेर स्टीव्हन्स यांचा गॉथिक धाटणीचा आराखडा पसंत पडला. रस्त्यापलीकडचे बोरीबंदर स्थानक त्यांनीच उभे केले होते, आणि तेथे त्यांच्या हाताखाली साहाय्यक अभियंता असलेले रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य येथे कार्यकारी अभियंता झाले. दगड कोणता, घडाईला दर काय, पाथरवट दिवसाकाठी किती काम उरकतो, हे त्यांनी समोरच अनुभवले होते. कंत्राट होते मुंबईतील तेलुगू समाजातल्या व्यंकू बाळाजी काळेवार यांचे.

आकडे जुळले एवढ्यावरून कारभार निर्मळ ठरत नाही, हे कोणीही हिशेबतपासनीस सांगेल. तरीही सव्वा आण्याचा हा फरक कागदावर बसविण्यासाठी दर आठवड्यास मोजमापे घेणारा, देयके तपासणारा कोणीतरी जागेवर असावा लागतो. इमारतीसमोर १९२३ पासून मेहतांचा पुतळा आहे. स्टीव्हन्स यांचे नाव मुंबईच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत सापडते. वैद्य आणि काळेवार भेटतात ते बहुधा त्या दोन आकड्यांच्या शेजारीच.