वाड्याची भिंत आणि चौक

आमच्या संकेश्वराची वस्ती हिरण्यकेशीच्या काठची. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी आजरा, गडहिंग्लज मागे टाकून येथे पोचते, तोवर सह्याद्रीचा धुवाधार पाऊसही बराच मागे राहिलेला असतो. घाटाकडची अतिवृष्टी आणि पूर्वेचा कोरडा माळ यांच्या मध्ये आमच्या पूर्वजांनी घरे बांधली. वाटण्यांपायी एकेक वाडा उतरविला जात असताना ती कोणत्या विचाराने बांधली होती, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दगडाची ओळख या मुलखास जुनी. संकेश्वरचे शंकरलिंगाचे देऊळ तिची साक्ष देते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये उभारली. भर उन्हाळ्यातही दगडी गाभारा गार राहतो, तो दगडाच्या जाडीमुळे.

तेच तत्त्व वाड्याच्या मातीच्या भिंतीत आहे. दुपारचा ताप जाड भिंतीतून आत उतरेपर्यंत दिवस मावळतो, आणि रात्रीच्या वाऱ्याने भिंत पुन्हा निवते. चौकातील तापलेली हवा वर जाते व तिच्या जागी सोप्यातली गार हवा येते. संकेश्वर सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो व वळचणीखालून सोप्यात येतो. मेच्या आरंभी तो थेट माथ्यावर असतो; तेव्हा तीच वळचण सावली धरते.

पूर्वज हटवादीही नव्हते. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौले या भागात आली आणि नळीच्या कौलांच्या जागी घरोघर चढली. पावसास ती उपयोगी, एवढे पाहून लोकांनी ती स्वीकारली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला व कोल्हापूर मुंबई राज्यात राहिले. ऊन-पाऊस मात्र दोन्हीकडचे पूर्वीचेच. त्याच कोल्हापुरात वास्तुशिल्पी शिरीष बेरी यांनी १९७० च्या दशकात व्यवसाय सुरू केला. अहमदाबादेस शिकलेल्या बेरींनी निसर्गाशी नाते राखणारी वास्तू हे आपल्या कामाचे सूत्र मानले. ‘स्पेसेस इन्स्पायर्ड बाय नेचर’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच ते सांगते. अंदूर जलाशयाकाठचे त्यांचे घर आणि धारवाडचे एसडीएम वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांची कामे आमच्यापासून दूर नाहीत. जुन्या वाड्याची नक्कल न करता जमीन, वारा आणि उजेड यांना विचारून आराखडा आखता येतो, हे अशा कामांतून शिकता येते.

आज वाड्याच्या जागी सिमेंटची पातळ गच्ची येते. ती दिवसभर तापते आणि रात्री तोच ताप खोलीत सोडते. मग पंखा पुरत नाही. दारापुढे कोरीव खांब बसविल्याने हा दोष जात नाही. प्रत्येक कुटुंबास वाडा राखणे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. निदान तो उतरविण्यापूर्वी त्याचे मोजमाप घ्यावे: तोंड कोणत्या दिशेस, भिंत किती जाड, चौक किती लांब-रुंद, वळचण किती पुढे, पावसाचे पाणी कोठे जाते. वतनाचे कागद आपण जपून ठेवले. नवे घर बांधताना वास्तुशिल्पीपुढे ठेवण्यास हा कागदही हाताशी असावा.