सुरतेची मानवधर्म सभा

मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर शाळकरी मुलांनाही नावाने ठाऊक असतात. मनाला खरे समाधान देणारा धर्म कोणता, या प्रश्नाने याच दादोबांना आयुष्यभर पछाडले होते, हे मात्र थोड्यांना माहीत असते. त्या शोधाला पहिले उघड रूप आले ते सुरतेत.

१८४० नंतरच्या काही वर्षांत ते तिथल्या इंग्रजी शाळेत शिकवीत. मोगलांच्या काळी गजबजलेले तापीकाठचे हे बंदर तोवर मुंबईपुढे फिके पडले होते. तिथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी पडली. दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास यांनाही सोबत घेऊन २२ जून १८४४ रोजी त्यांनी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. पाचही नावे ‘द’ने सुरू होणारी!

सभा भरे रविवारी, आणि कोणीही येऊन बसावे. भुताखेतांची, मूठ मारणाऱ्यांची धास्ती घेऊन जगणाऱ्या माणसाला उपदेशाने शांती लाभत नाही, हे दुर्गारामांनी नेमके ओळखले होते. म्हणून त्यांनी मांत्रिकांनाच आव्हान दिले: सामर्थ्य असेल तर सर्वांसमक्ष दाखवा. भय गेले की भक्तीला जागा होते. अध्यात्माची सुरुवात अशा रोखठोक ठिकाणापासून करणारी ही माणसे मला फार मोठी वाटतात.

दादोबांचा विचार त्यांच्या ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात आहे. ईश्वर एकच पूज्य, प्रेम आणि सदाचरण हाच धर्माचा पाया, मनुष्यजात एक, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य. १८४३ साली लिहिलेला हा ग्रंथ छापला गेला १८६८ मध्ये. तेवढा काळ त्याला दडून राहावे लागले.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला, आणि सभा थंडावली. मुंबईत दादोबांनी १८४९ साली परमहंस सभा काढली, तीही लोकनिंदेच्या भीतीने गुप्तपणे. सुरतेत जे चारचौघांत बोलले जाई, ते मुंबईत बंद दाराआड गेले. पुढे ३१ मार्च १८६७ रोजी त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला.

महाराष्ट्रातील धर्मसुधारणेचा इतिहास आपण बहुधा मुंबईच्या या प्रार्थना समाजापासून सांगू लागतो. तो सुरतेपासून सांगायला हवा.