ओल ओनल : भूमिज भाषेची आधुनिक लिपी

छोटा नागपूरच्या पूर्वेकडील भूमिज जमात अभ्यासकांना परिचित आहे ती मुख्यतः १८३२-३३ मध्ये गंगा नारायण सिंह यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावामुळे. तिच्या भाषेकडे मात्र त्या मानाने दुर्लक्षच झाले. भूमिज ही ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील भाषा असून मुंडारीला अत्यंत निकटची आहे. तिचे भाषक प्रामुख्याने झारखंड, पश्चिम बंगाल व ओडिशा या तीन राज्यांत विखुरलेले आहेत. शालेय शिक्षण त्या त्या राज्याच्या भाषेतून होत असल्याने ही एकच भाषा देवनागरी, बंगाली व ओडिया अशा तीन लिप्यांत लिहिली जाऊ लागली. बोलणे समजावे, पण सीमेपलीकडील भाऊबंदांचे पत्र वाचता येऊ नये, अशी ही अवस्था होती.

या पार्श्वभूमीवर महेंद्रनाथ सरदार यांनी १९८१ ते १९९२ या कालखंडात 'ओल ओनल' ही लिपी सिद्ध केली. तीत ३० अक्षरे व स्वतंत्र १० अंकचिन्हे असून लेखन डावीकडून उजवीकडे होते. स्वरांना व्यंजनांच्या बरोबरीने स्वतंत्र अक्षरे आहेत. देवनागरीप्रमाणे मात्रा व जोडाक्षरे यांचा आधार तीत घेतलेला नाही. शेजारच्या लिप्यांपासूनचे हे अंतर सहेतुक दिसते.

अशा प्रयत्नांची परंपरा मुंडा भाषांत जुनी आहे. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संतालीसाठी ओल चिकी निर्माण केली. सोरा भाषेसाठी १९३६ मध्ये सोरांग सोम्पेंग आली, हो भाषेसाठी लाको बोद्रा यांनी वारंग क्षिती घडविली. पुढे मुंडारीलाही रोहिदास सिंह नाग यांची लिपी लाभली. येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. मुंडारी व भूमिज इतक्या जवळच्या असताना दोन लिप्यांमुळे त्यांच्यातील अंतर वाढणार नाही काय? भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा आक्षेप रास्त आहे. परंतु लिपीची मागणी भाषाशास्त्रातून क्वचितच येते. स्वतंत्र भाषा म्हणून ओळखले जावे, ही आकांक्षा तिच्यामागे असते.

२०११ च्या जनगणनेत भूमिज जमातीची संख्या नऊ लाखांहून अधिक, तर भूमिज मातृभाषा नोंदविणारे अवघे २७ हजारांच्या आसपास होते. नोंदणीतील त्रुटी गृहीत धरूनही ही तफावत चिंताजनक आहे. संतालीचा समावेश २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत झाला. भूमिजला ते स्थान नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये युनिकोडच्या १६.० आवृत्तीत मात्र ओल ओनल समाविष्ट झाली. मोडीलाही असे स्थान २०१४ मध्ये मिळाले होते, पण तोवर ती दैनंदिन व्यवहारातून केव्हाच गेलेली होती.